मांजरासाठी पिंजरा घेताना

ताई, पिंजरा आजच्या पिल्लाच्या मापाने घेऊ नका, वर्षभरात ते जवळजवळ पूर्ण वाढतं. निदान तीन फूट लांब, दोन फूट रुंद हवाच. आत फळी असलेला दोन मजली मिळाला तर तोच घ्या, मांजराला उंचावर बसायला फार आवडतं. तळ जाळीचा असेल तर वर जाड चटई टाका, पंजे दुखावतात. वाळूचा ट्रे एका टोकाला, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला. शेजारी ठेवलंत तर मांजर ट्रे टाळायला लागतं.

सुरुवातीला दार उघडंच ठेवा, आत खाऊ ठेवा आणि त्याचं त्याला जाऊ द्या. शिक्षा म्हणून कोंडू नका, हे अगदी कळकळीने सांगते! एकदा धास्ती बसली की ते पुन्हा आत पाऊल टाकत नाही. नसबंदीनंतर उड्या थांबवायला, नव्या मांजराची जुन्याशी ओळख करून द्यायला पिंजरा फार उपयोगी. दिवसभर ठेवायची जागा मात्र ती नव्हे.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीत पिंजरा नकोच. थंडीत तीन बाजूंनी चादर टाका, चौथी उघडी. आणि आत सोडताना गळ्यातला पट्टा काढा, तो गजांत अडकतो.