ॲडमिट न होता डिप्रेशन बरं होतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा आहे, दोन-अडीच महिने झाले नुसता पडून असतो, झोप नाही, जेवण नाही, ऑफिसला दांड्या. आमचे डॉक्टर म्हणाले डिप्रेशन वाटतंय, सायकियाट्रिस्टला दाखवा. आईने तर धसकाच घेतलाय की आता याला ॲडमिट करतील आणि जन्मभर गोळ्या मागे लागतील. तो म्हणतो गोळ्या नकोत, फक्त काउन्सेलिंग करतो. घरी राहून उपचार होतात का? आणि गोळ्या की काउन्सेलिंग?

उत्तर : सगळ्यात आधी एक काम करा, त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा की जगणं नको वाटतं का, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ॲडमिट करतात ते मुख्यतः अशाच वेळी, नाहीतर खाणंपिणं पार सुटलं किंवा भास व्हायला लागले तर. बाकी बहुतेकांचे उपचार घरी राहून, ये-जा करूनच होतात, हे आईंना नक्की सांगा. मधला मार्गही असतो, काही ठिकाणी डे-केअर असतं, आठवड्यातले काही दिवस तीनेक तास थेरपी आणि ग्रुप, संध्याकाळी परत घरी.

आता गोळ्या की काउन्सेलिंग. त्रास सौम्य असेल तर नुसत्या थेरपीनेही भागतं, पण तुम्ही लिहिलंय तसं झोप, जेवण, काम सगळंच बिघडलं असेल तर दोन्ही एकत्र केलेलं जास्त चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे, अर्थात तपासून ठरवणार डॉक्टर. थायरॉईड, बी-12, हिमोग्लोबिन हेही बघून घेतात, कारण त्यातल्या गडबडीनेही माणूस असाच गळून जातो. आणि मागे कधी झोप न घेताही प्रचंड उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च असे दिवस येऊन गेले असतील तर ते आवर्जून सांगा, बायपोलर, म्हणजे कधी असा अति उत्साह तर कधी डिप्रेशन असा आजार, असेल तर औषधं वेगळी लागतात.

थेरपी म्हणजे नुसतं मन मोकळं करणं नाही हं. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीत, साधारण आठवड्यातून एकदा, 45-50 मिनिटं, असं तीन-चार महिने चालतं. सुरुवातीला थेरपिस्ट बऱ्याचदा दिवसाचा तक्ता भरायला लावतात, कोणत्या वेळी काय केलं आणि तेव्हा मूड दहापैकी किती. मग त्यातूनच छोटं काम ठरतं, म्हणजे उद्या सकाळी नऊला अंघोळ आणि दहा मिनिटं चालणं, बस एवढंच. इच्छा होण्याची वाट बघायची नाही, आधी करायचं, इच्छा मागून येते. ऐकायला फालतू वाटेल पण अंथरुणातून उठवायला हेच कामी येतं.

गोळ्यांचं म्हणाल तर एसिटालोप्राम, सर्ट्रालीन या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला सहा-आठ. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते, आणि बरेच जण नेमकं तिथेच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. बेचैनी फारच वाढली तर लगेच डॉक्टरांना फोन करा, पंचविशीच्या आतल्यांमध्ये तर यावर जास्तच लक्ष ठेवतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. पहिलाच एपिसोड असेल तर जन्मभराचा प्रश्न सहसा येतच नाही.

एका गोळीने नाही फरक पडला तर डोस वाढवतात, औषध बदलतात, तरीही नाही तर आरटीएमएस आहे, डोक्याला कॉइल लावून चुंबकीय लहरी देतात, माणूस जागाच असतो, आठवड्यातून पाच दिवस असं चार ते सहा आठवडे, तेही ये-जा करूनच.

पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा, झोप कधीपासून गेली, वजन किती उतरलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, सगळं कागदावर लिहून न्या, तिथे बसल्यावर त्याला एवढं बोलता येणार नाही. आणि थोडा वेळ बाहेर थांबून त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.