क्रियापदावर टाळी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चौथीतल्या मुलाचा निबंध वाचला. 'आम्ही आजोळी गेलो तिथे आजीने थालीपिठं केली मी दोन खाल्ली मग विहिरीवर गेलो आणि मामाने मला पाण्यात सोडलं आणि मी घाबरलो' एवढ्यात एकही पूर्णविराम नाही. कसं सुधारू, असं तू विचारतेस.

आधी लाल पेन खाली ठेव. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशीच एक वही मी लाल करून परत दिली होती. त्या मुलीने पुढचे सगळे निबंध चार-चार ओळींचे लिहिले. एकही चूक नव्हती. तिच्याजवळ सांगायला खूप होतं, आणि ते मी बंद केलं. अजून बोचतं मला.

मुलं बोलतात तशी लिहितात. बोलताना वाक्य संपलं की आवाज खाली येतो, कागदावर तो उतार दिसत नाही. जुन्या मोडी लिपीत लिहिणारेही शब्द न तोडता, विरामचिन्हांवाचून लिहीत. आपल्याकडे ही चिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छपाईबरोबर, आणि त्यात मेजर थॉमस कँडी या मराठीच्या इंग्रज अभ्यासकाचा मोठा वाटा. तेव्हा नऊ वर्षांच्या पोराला पूर्णविराम आपोआप सुचेल असं धरून चालू नकोस.

'श्वास संपला की टिंब' असं शिकवतात, ते टाळ. मुलं कुठेही श्वास घेतात. मराठीत भरवशाची खूण म्हणजे क्रियापद, कारण ते बहुधा शेवटी येतं. त्या मुलाला मोठ्याने वाचू दे आणि वर्गाला क्रियापदावर टाळी वाजवू दे. गेलो, टाळी. केली, टाळी. प्रत्येक टाळीला विचार, 'सांगणं इथे पुरं झालं का?' हा प्रश्न गाळलास तर मुलं 'जेव्हा पाऊस आला. तेव्हा आम्ही पळालो.' असं तोडतील. 'आई म्हणाली की' यातल्या 'म्हणाली'वरही टिंब देतील.

आठवडाभरात सगळा वर्ग तुटक लिहायला लागेल. घाबरू नकोस, जोडायला शिकवायची वेळ तीच, आणि तिथे भरपूर दिवस घाल. 'आणि'पलीकडे आपल्या भाषेत केवढं पडलंय! 'आजीने केलेली दोन थालीपिठं खाऊन मी विहिरीवर गेलो.' तीन वाक्यांचं एक झालं, तरी कुठे सैल नाही. वाक्य लांब असणं हा दोष नव्हे, हे पालकांनाही सांग. फक्त 'खाऊन'मधला 'ऊन' लावताना दोन्ही कामं करणारा एकच आहे ना, ते बघायला लाव. 'मी जेवून आईने भांडी घासली' चालत नाही, तिथे 'मी जेवल्यावर' हवं. केवल, मिश्र, संयुक्त ही वाक्यांची नावं मागाहून आली तरी चालतील.

त्या निबंधातलं शेवटचं मात्र कशालाही जोडू नकोस. 'मी घाबरलो.' एवढंच वेगळ्या ओळीत लिहायला सांग आणि विचार, 'मग रे?' तो पुढे जे लिहील ते मला पाठव.

तुझ्या बाई