वडील हयात असताना दुसऱ्या कुणाला ‘वडिलांसारखे’ मानलं तर वडिलांचा अपमान होतो का?

तुम्ही लिहिलंय की शिक्षणाच्या काळात मामांनी तुम्हाला मोठा आधार दिला, आता त्यांचे चारचौघांत आभार मानावेत असं वाटतं, पण वडिलांच्या मनाला ते लागेल अशी धास्ती आहे. माझं मत विचाराल तर अपमान अजिबात होत नाही. वडिलांनी आपल्याला नेमकं काय दिलं हे ज्याला ठाऊक असतं, त्याला मामांनी काय दिलं हेही मोकळेपणाने सांगता येतं. कोणी जास्त केलं याचा हिशोब मांडायला बसलो की मात्र दोघांवरही अन्याय होतो.

माझ्या बाबांचं सांगते. बोलणं फार कमी. घरात पंखा, इस्त्री, रेडिओ असं काही बिघडलं की जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचे. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडायचे, आणि ती ओळ मोडू नये म्हणून लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडे. सगळं जोडून झालं की शेवटचा स्क्रू मला पिळायला द्यायचे आणि आईला हाक मारून सांगायचे, “हिने दुरुस्त केला गं!” मी तेव्हा खूप लहान होते, मला ते शंभर टक्के खरं वाटायचं. पुढे यंत्रांच्या शिक्षणाला गेले, वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण आपल्याला हे जमणार नाही असं कधी मनात आलं नाही. याचं श्रेय मी दुसऱ्या कुणालाही देणार नाही, ते बाबांचंच.

चार लोकांत आपलं म्हणणं ठामपणे मांडणं मात्र बाबांना जड जायचं. ते मी पहिल्या नोकरीतल्या साहेबांकडून शिकले. मी लिहिलेला अहवाल ते शांतपणे वाचायचे आणि जिथे चूक असेल त्या ओळीसमोर समासात पेन्सिलने एक बारीक ठिपका द्यायचे. काय चुकलं ते सांगायचे नाहीत. आकडा चुकला, शब्द चुकला की विचारच चुकला, हे आपलं आपण शोधायचं. नाहीच सापडलं तर विचारायला जायची मुभा होती, पण आधी स्वतःचा अंदाज सांगावा लागे. एका बैठकीत माझ्या आकड्यांवरून कुणीतरी आवाज चढवला. वाटलं, आता साहेब मध्ये पडतील. ते एवढंच म्हणाले, “तपासलंय तिने, तिलाच विचारा.” आणि खुर्ची माझ्याकडे वळवून ऐकायला बसले. मला बोलावंच लागलं, आणि बोलता आलं.

ही ठिपक्याची गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, “मग, चूक सापडली का?” मुलीला कुणीतरी नीट घडवतंय याचं त्यांना समाधान होतं. आपली जागा गेली असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये बुद्धावरच्या आपल्या ग्रंथासाठी लिहिलेली एक प्रस्तावना मला या बाबतीत फार जवळची वाटते. तिच्यात वडील रामजी आणि दादा केळुसकर दोघेही आहेत. भीमराव परीक्षा पास झाले म्हणून समाजातल्या लोकांनी सभा घ्यायचं ठरवलं. रामजींनी नकार दिला, अशाने पोरगं डोक्यावर चढेल म्हणून. केळुसकर हे रामजींचे स्नेही. त्यांनी समजूत घातली, रामजी राजी झाले, सभा झाली, आणि तिथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. बाबासाहेब हे सांगताना कुणाचंही माप कमी करत नाहीत. वडिलांची करडी शिस्त आणि घरात रामायण-महाभारत वाचून घेण्याचा त्यांचा आग्रहही तिथेच नोंदवलेला आहे. एकाने वाचनाची सवय लावली आणि दुसऱ्याने आयुष्याला वळण देणारं पुस्तक दिलं. मुलासाठी रामजींनी आपला हट्ट सोडला, हे तर मला सगळ्यात मोठं वाटतं.

फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची गोष्ट वेगळी आहे. वडील १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले, तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जर्मं यांनी त्याला जादा शिकवलं आणि त्याने लवकर कामाला लागावं असं म्हणणाऱ्या आजीला समजावून त्याचं शिक्षण चालू ठेवलं. १९५७ मध्ये नोबेल मिळाल्यावर काही आठवड्यांतच त्याने या शिक्षकांना पत्र लिहिलं, आणि त्या सन्मानाच्या निमित्ताने केलेली भाषणंही त्यांनाच अर्पण केली. शिक्षक तेव्हा हयात होते, पत्र त्यांना स्वतःला वाचता आलं. मामांना सांगायचं ते पुढे ढकलू नका, असं मी म्हणते ते यासाठीच.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण हे उत्तर इतरही वाचतील. काहींना वडिलांकडून फक्त त्रास मिळालेला असतो. त्यांच्यावर कृतज्ञतेची सक्ती कुणी करू नये. ज्या शेजाऱ्याने, शिक्षकाने किंवा आजोबांनी सांभाळलं त्यांचं ऋण त्यांनी मनापासून मानावं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता सांगायचं कसं? “तुमचे उपकार कधीच फिटणार नाहीत” असलं वाक्य टाळा. समोरचा संकोचतो आणि “छे, मी काय केलं” म्हणून विषय संपवतो. त्याऐवजी एक प्रसंग उचला. मामा त्या दिवशी काय म्हणाले, त्यांनी काय केलं, आणि त्यामुळे तुमचं पुढे काय झालं. बऱ्याचदा त्यांना स्वतःला तो प्रसंग आठवतही नसतो, म्हणून तो ऐकताना जास्त आनंद होतो. साहेबांना मी ठिपक्यांबद्दल लिहिलं होतं. विशेषणं एकही घातली नव्हती.

आणि मामांबद्दल जाहीर लिहिणार असाल तर तो मजकूर आधी वडिलांना वाचायला द्या. काही राहून गेलं असेल तर तेच सांगतील, कारण मामा तुमच्यासाठी काय काय करत होते हे त्यांनी तुमच्याहून जवळून पाहिलेलं असणार.