वाचकांचे प्रश्न : संशोधन प्रकल्प मंजूर कुठे होतो, अडतो कुठे

संशोधन अनुदानाबद्दल कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गडहिंग्लजच्या अनुदानित महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. वय ३८. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, मायनर आणि मेजर प्रकल्प आता मिळत नाहीत. अर्ज करायचा तर कुठे? आमच्याकडे साधा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर सोडला तर मोठे उपकरण नाही.

विज्ञानासाठी सध्याचा मुख्य दरवाजा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, म्हणजे एएनआरएफचा. २०२३ च्या कायद्याने ही संस्था झाली आणि आधीचे एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, तिच्यात विलीन झाले. त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांकडून एसईआरबीच्या योजनांची नावे ऐकून शोध घेत बसू नका, एएनआरएफच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. तुमच्या वयाला प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट ही योजना लागू पडते. वयोमर्यादा ४२, मुदत ३ वर्षे, रक्कम ६० लाखांपर्यंत आणि संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे व्यवस्थापन खर्च, वेगळा. हाताशी चार वर्षे आहेत, म्हणजे पहिला प्रस्ताव नाकारला गेला तरी सुधारून पुन्हा द्यायला वेळ आहे. तो नकारही आजच धरून चाला.

राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. स्थानिक प्रश्नावर विज्ञानाचा थेट उपयोग दाखवणारा प्रस्ताव तिथे जास्त शोभतो. संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून छोटे बीजअनुदान मिळत असेल तर ते आधी घ्या. लाख-दीड लाखात प्राथमिक निष्कर्ष हाती येतात, आणि मोठ्या प्रस्तावात ‘प्राथमिक काम’ या मथळ्याखाली दाखवायला तेच उपयोगी पडतात. तो मथळा रिकामा असलेला प्रस्ताव परीक्षक दोन मिनिटांत बाजूला ठेवतो.

उपकरण नाही म्हणून थांबू नका. शिवाजी विद्यापीठात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभे राहिलेले सैफ, म्हणजे अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांचे, केंद्र आहे. तिथे बाहेरच्या संशोधकांना शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. देशभरातली अशी उपकरणे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. गडहिंग्लजला ४० लाखांचे यंत्र मागितले तर परीक्षक पहिल्यांदा हेच विचारणार की ते चालवणार कोण आणि तीन वर्षांनी दुरुस्ती कोण करणार. त्याऐवजी नमुन्यांची संख्या काढा. समजा ८० नमुने, प्रत्येकाच्या दोन चाचण्या, म्हणजे १६० चाचण्या. केंद्राच्या दरपत्रकातला दर लावून ही रक्कम ‘विश्लेषण शुल्क’ म्हणून मागा आणि ते दरपत्रक प्रस्तावाला जोडा. आकडा कुठून आला हे दिसले की कात्री कमी लागते.

प्रश्न : अंदाजपत्रक कसे करावे? आमच्या प्रस्तावावर ‘बजेट अवास्तव’ असा शेरा आला, पण रक्कम जास्त होती की कमी, हे कळले नाही. (कोल्हापूर शहर आणि वारणानगर येथून तीन पत्रे)

हा शेरा दोन्ही बाजूंनी येतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा कमी मागितल्यामुळे येतो. कमी मागितले तर लवकर मंजूर होईल ही समजूत मनातून काढून टाका. परीक्षक त्यातून एवढेच वाचतो की या माणसाने काम करून पाहिलेले नाही.

सुरुवात मनुष्यबळापासून करा. प्रकल्पावरच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन छात्रांचे, म्हणजे जेआरएफ आणि एसआरएफचे, दर १ जानेवारी २०२३ पासून बदलले आहेत. जेआरएफला दरमहा ३७,०००, एसआरएफला ४२,०००, वर घरभाडे भत्ता. अजूनही जुन्या प्रस्तावाची फाइल उघडून ३१,००० चा आकडा तसाच ठेवणारे बरेच आहेत. नुसत्या मूळ रकमेतच वर्षाला ७२,००० ची तूट पडते.

घरभाड्यातही चूक होते. केंद्राच्या शहरांच्या वर्गवारीत कोल्हापूर ‘वाय’ गटात आहे, तिथे सध्या २० टक्के. गडहिंग्लज ‘झेड’ गटात, तिथे १० टक्के. कोल्हापुरात जेआरएफ महिना ३७,००० अधिक ७,४००, म्हणजे ४४,४०० ला पडतो. दोन वर्षे जेआरएफ आणि तिसरे वर्ष एसआरएफ धरले तर १०,६५,६०० अधिक ६,०४,८००, एकूण १६,७०,४००. हाच माणूस गडहिंग्लजला १५,३१,२०० मध्ये बसतो. फरक १,३९,२०० चा. शेजारच्या महाविद्यालयाचे अंदाजपत्रक जसेच्या तसे उतरवण्यातला धोका यात आहे.

उपकरणाकडे वळू. कोटेशन हातात आले की सहा गोष्टींवर पेनने खूण करत जा: मूळ किंमत, जीएसटी, वाहतूक व विमा, बसवून देण्याचा खर्च, वॉरंटी, आणि कोटेशनची मुदत. सार्वजनिक संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. १० लाखांचे यंत्र १८ टक्के धरून ११.८० लाखांचे होते. जुन्या सवलतीवर आकडेमोड केली तर खरेदीच्या दिवशी १.३० लाख कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या वेळी रासायनिक द्रव्यांच्या शीर्षकातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या सदरातून, पैसे वळवायला पूर्वपरवानगी लागते.

परदेशी बनावटीचे यंत्र असेल तर किंमत डॉलर किंवा युरोत येते. प्रस्ताव पाठवण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत वर्षही जाते. तेवढ्यात दर हलतो. म्हणून भारतीय रुपयात, कोल्हापुरात पोहोच देऊन असे कोटेशन मागा. यूपीएस वेगळा लिहायला विसरू नका. तालुक्याच्या गावी दुपारी वीज खालीवर होते, आणि यूपीएस नसताना जळालेला डिटेक्टर वॉरंटीत बसत नाही. खोलीचे बांधकाम, एसी, टेबले यांसाठी अनुदान देणारी यंत्रणा सहसा पैसे देत नाही. ते संस्थेने द्यायचे आणि तसे पत्र प्रस्तावासोबत जोडायचे.

द्रव्ये आणि काचसामान यांची यादी तीन वर्षांची करा, पण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, शेवटच्या वर्षी सगळ्यात कमी. शेवटच्या वर्षात लेखन आणि विश्लेषण असते. तीनही वर्षी सारखीच रक्कम लिहिली असेल तर कामाचा विचार न करता भागाकार केला आहे हे लगेच दिसते.

प्रश्न : इचलकरंजीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करायचा आहे. समाजशास्त्रासाठी कोण पैसे देते? इतिहासाच्या सहकाऱ्यालाही मोडी कागदांवर काम करायचे आहे.

तुमच्यासाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. सहकाऱ्यासाठी आयसीएचआर, भारतीय इतिहास संशोधन परिषद. पहिली १९६९ ची, दुसरी १९७२ ची. आयसीएसएसआरचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे.

समाजशास्त्राच्या प्रस्तावात खरी परीक्षा क्षेत्रकार्याची. ‘३०० महिलांच्या मुलाखती’ एवढ्यावर थांबू नका, त्या कशा होतील ते लिहा. एक तपासनीस दिवसाला नीट सहा मुलाखती करू शकतो. ३०० साठी ५० दिवस लागले, दोघे असतील तर प्रत्येकी २५. त्याआधी २५ महिलांवर प्रश्नावलीची चाचणी, आणि त्यानंतर दुरुस्तीसाठी दोन आठवडे. कांड्या भरणाऱ्या बाईशी कारखान्यात बोलता येत नाही. मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही, आणि मालक किंवा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, जवळ उभा असेल तर मजुरीचा खरा आकडा ती सांगत नाही. मुलाखत घरी, पाळी सुटल्यावर घ्यावी लागते, म्हणजे संध्याकाळी. तपासनीस स्त्री असावी आणि तिला रात्री परत जायला वाहन लागेल. तो खर्च प्रवासाच्या शीर्षकात स्पष्ट लिहा. असा एक परिच्छेद प्रस्तावात असला की परीक्षकाला विश्वास येतो की तुम्ही इचलकरंजी पाहिलेली आहे. संमतीपत्र मराठीत हवे, आणि वाचता न येणाऱ्या बाईसाठी ते मोठ्याने वाचून दाखवण्याची तरतूद त्यातच असावी.

सहकाऱ्याला सांगा, कोल्हापूरच्या पुरालेखागारात बसायचे तर मोडी लिप्यंतराचा खर्च प्रतिपान दराने धरावा. मोडी वाचणारा माणूस आणि देवनागरीत टंकन करणारा माणूस हे बहुधा दोन वेगळे असतात. दोघांचे मानधन एकाच ओळीत टाकले की एकाचे पैसे बुडतात.

प्रश्न : राधानगरी अभयारण्यातल्या वनस्पतींवर प्रस्ताव आहे. परवानगी मंजुरीनंतर काढली तर चालेल का?

चालते, पण पहिले वर्ष त्यातच जाते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी प्रवेश आणि नमुने गोळा करणे यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, कार्यालय नागपूरला. अर्ज प्रस्तावासोबतच करा आणि पोचपावती जोडा. अर्जात प्रजातींची नावे, प्रत्येकीचे किती नमुने, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वाटांवर, हे सगळे हवे. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द लिहिला की फाइल परत येते. तेरड्याच्या जातींवर काम असेल तर पावसाळा चुकला म्हणजे वर्ष चुकले, हे लक्षात ठेवून तारखा मांडा.

प्रश्न : अर्जाच्या शेवटच्या दिवशी प्राचार्य बाहेरगावी होते. पृष्ठांकन पत्रावर, म्हणजे संस्थेच्या संमतीच्या पत्रावर, उपप्राचार्यांची सही घेतली. प्रस्ताव छाननीतच बाद झाला. दाद मागता येते का?

नाही. पृष्ठांकन पत्र संस्थाप्रमुखाच्याच सहीचे, शिक्क्याचे आणि यंत्रणेने दिलेल्या नमुन्यातच हवे. विद्यापीठ विभागांत बहुधा कुलसचिवांची सही लागते, आणि तिथे फाइलला आठ-दहा दिवस जातात. पुढच्या वेळी कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी सूचना, निघायची वाट न पाहता पाच कागद तयार ठेवा: पृष्ठांकन पत्राचा नमुना, यूजीसीच्या २(एफ) आणि १२(बी) मान्यतेची प्रत, नियुक्तीचा आदेश, जन्मतारखेचा पुरावा, आणि संस्थेच्या बँक खात्याचा तपशील. विनाअनुदानित तुकडीवर किंवा तासिका तत्त्वावर असाल तर बहुतेक योजनांत मुख्य संशोधक होता येत नाही, सहसंशोधक म्हणून वाट काढावी लागते. निवृत्तीला प्रकल्पाच्या मुदतीएवढी सेवा शिल्लक आहे का, हेही आधी मोजा.

प्रश्न : पहिला हप्ता मिळून दीड वर्ष झाले, दुसरा येत नाही. जेआरएफचा पगार पाच महिने थकला आहे. यूसी, म्हणजे अनुदान कसे खर्च झाले याचे उपयोगिता प्रमाणपत्र, पाठवली आहे असे लेखा विभाग सांगतो.

यूसी पाठवणे आणि ती स्वीकारली जाणे यात फरक आहे. आधी यंत्रणेच्या पोर्टलवर तिची स्थिती स्वतः पाहा. परत येण्याची कारणे ठरलेली आहेत.

यूसी केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए याच नमुन्यात, आर्थिक वर्षाप्रमाणे लागते. प्रकल्प १ सप्टेंबरला सुरू झाला म्हणून सप्टेंबर ते ऑगस्ट असा हिशेब दिला तर ती परत येते. ३१ मार्चला रेघ मारावीच लागते. सोबत खर्चाचे विवरणपत्र शीर्षकनिहाय हवे, आणि त्याची बेरीज यूसीशी रुपयात जुळली पाहिजे. सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसेल तर ते धरले जात नाही.

सगळ्यात नेहमीची चूक आगाऊ रकमेची. पुरवठादाराला दिलेला आगाऊ पैसा हा खर्च नव्हे, यंत्र येऊन बिल मंजूर झाल्यावरच तो खर्चात जातो. मार्चअखेरीस पैसे संपलेले दाखवण्यासाठी तो खर्चात टाकला की पुढच्या वर्षीचा आरंभीचा शिल्लक आकडा जुळत नाही, आणि मग सगळी मालिका अडते. दुसरी चूक व्याजाची. अनुदानावर मिळालेले व्याज तुमचे नाही, ते भारत सरकारच्या एकत्रित निधीत भरून चलनाची प्रत जोडायची असते. काही महाविद्यालये सगळ्या प्रकल्पांचे पैसे एकाच बचत खात्यात ठेवतात, मग कोणत्या प्रकल्पाचे व्याज किती हे कुणालाच सांगता येत नाही. तिसरी चूक पीएफएमएसची, म्हणजे केंद्राच्या निधीच्या खर्चाची नोंद ठेवणाऱ्या पोर्टलची. बँकेतून धनादेश दिला, पण पीएफएमएसवर खर्चाची नोंद केली नाही, तर दिल्लीतल्या अधिकाऱ्याला ती रक्कम अजून शिल्लकच दिसते, आणि शिल्लक दिसत असताना पुढचा हप्ता सुटत नाही.

जेआरएफचा पगार थकणे ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. घरापासून लांब खोली घेऊन राहणारा मुलगा किंवा मुलगी पाच महिने कशावर काढणार? संस्थेकडून तात्पुरती उचल मिळवा, हप्ता आल्यावर परत वळती करता येते. त्यासाठी प्राचार्यांना लेखी पत्र द्या, तोंडी विनंतीवर लेखापाल पैसे सोडू शकत नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) वापरलेल्या वाळूवर संशोधनासाठी सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून, पैसे देऊ म्हणते. घ्यावे का?

आधी बघा, त्यांना काय हवे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ प्रमाणे सार्वजनिक निधीवरच्या विद्यापीठांना संशोधनासाठी दिलेला पैसा सीएसआरमध्ये बसतो. पण कंपनीच्या स्वतःच्या नेहमीच्या व्यवसायाचे काम त्यात बसत नाही. आपल्याच साच्यांची वाळू पुन्हा कशी वापरायची हे त्यांना शोधून हवे असेल तर तो सल्लासेवेचा करार आहे, त्यावर जीएसटी लागतो आणि निष्कर्षांची मालकी आधी लिहून घ्यावी लागते. सगळ्या फाउंड्रींच्या टाकाऊ वाळूतून विटा किंवा फरसबंदीचे ठोकळे होतील का, आणि पावसात त्यातून फिनॉल पाझरते का, असा सार्वजनिक प्रश्न असेल तर सीएसआर. आणखी एक गोष्ट: सीएसआरचे बंधन कंपनीवर तेव्हाच येते, जेव्हा निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटी यांपैकी एक तरी पातळी गाठलेली असते. शिरोलीतले बरेच कारखाने त्याखाली आहेत, तेव्हा ताळेबंद पाहूनच बोलणी करा.

प्रश्न : प्रकल्पाचे कॅसमध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेत, किती गुण?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० लाखांपेक्षा मोठा पूर्ण प्रकल्प १० गुण, त्याखालचा ५. चालू असेल तर अनुक्रमे ५ आणि २. मुख्य संशोधक आणि सहसंशोधक असतील तर दोघांना निम्मे निम्मे. पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून यंत्रणेचे समाप्ती पत्र लागते, अंतिम अहवालाची प्रत पुरत नाही.