आधी थर, मग घातांक

सप्रेम आशीर्वाद.

वेटिंग ट्रान्झिशनवर, म्हणजे पृष्ठभागावर थेंबांत राहणारा द्रव पसरून जाड थर होतो त्या संक्रमणावर, काम करायचं ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण पत्राच्या पहिल्याच ओळीत क्रांतिक घातांक (संक्रमणाजवळ थराची जाडी वगैरे किती झपाट्याने वाढते ते सांगणारे आकडे) आणि आयसिंग मॉडेलचं, म्हणजे जाळीवरच्या वर-खाली स्पिनच्या साध्या मॉडेलचं, सिम्युलेशन आलंय. ते तूर्त बाजूला ठेव.

आधी हेलियम आणि सीझियम समजून घे. द्रवरूप हेलियम जवळपास कुठल्याही पृष्ठभागावर पसरतं. 1991 मध्ये चेंग, कोल, साम आणि ट्रेनर यांनी गणिताने दाखवलं की सीझियमची ओढ फार क्षीण असल्यामुळे कमी तापमानाला त्यावर जाड थर टिकणारच नाही. त्याच वर्षी नाशेर आणि द्यूपाँ-रॉक यांना प्रयोगात तेच दिसलं. सुमारे 2 केल्विनच्या वर मात्र सीझियम पुरतं भिजतं. एवढ्या साध्या जोडीत अख्खा विषय आहे.

मग कागद घे आणि थराच्या जाडीनुसार मुक्त ऊर्जा (जिथे ती सर्वात कमी, ती जाडी टिकते) कशी बदलते, तो आलेख हाताने काढ. एक किमान भिंतीलगत आणि दुसरं अनंत जाडीला असेल, तर दोन्ही सारख्या पातळीवर आली की थर उडी मारतो. हे पहिल्या क्रमाचं संक्रमण. भिंतीलगतचं किमान हळूहळू दूर सरकत अनंताला गेलं, तर ते क्रांतिक वेटिंग. द्रव आणि वाफ यांतला भेद मिटतो त्या क्रांतिक बिंदूजवळ भिंत पुरती भिजतेच, हा जॉन कानचा 1977 चा युक्तिवादही वाच, पण लांब पल्ल्याची व्हॅन डर वाल्स बलं आली की तो सरसकट चालत नाही, हे ध्यानात ठेवून.

हे पचलं की खरा पेच तुला कळेल. आखूड पल्ल्याच्या बलांसाठी तीन मितींत ब्रेझाँ, हॅल्परिन आणि लाइब्लर यांनी 1983 मध्ये काढलेले घातांक सार्वत्रिक नव्हते, म्हणजे सगळ्या पदार्थांना सारखे नव्हते. मीन-फील्डपेक्षा, म्हणजे चढउतार सोडून केलेल्या सरासरीच्या गणितापेक्षा, खूप वेगळे येऊ शकत होते. 1986 मध्ये बाइंडर, लँडाउ आणि क्रोल यांच्या सिम्युलेशनमध्ये मात्र जवळजवळ मीन-फील्डच निघालं. पुढे फिशर आणि जिन यांनी आंतरपृष्ठाच्या (द्रव आणि वाफ यांमधल्या सीमेच्या) हॅमिल्टोनियनवरच, म्हणजे त्या सीमेची ऊर्जा देणाऱ्या सूत्रावरच, प्रश्न उभा केला. 2004 पासून पॅरी आणि सहकारी सांगू लागले की भिंत आणि आंतरपृष्ठ यांची आंतरक्रिया केवळ त्या ठिकाणच्या जाडीवर ठरत नाही, आंतरपृष्ठाच्या आकारावरही ठरते. माझ्या मते या विषयातलं सर्वात मोलाचं शिक्षण या वादात आहे. मॉडेल सोपं करताना आपण काय टाकून दिलं, हा प्रश्न इथे टाळताच येत नाही.

आलेख झाला की पाठव. त्यावर वाफेचा दाब संपृक्ततेपेक्षा थोडा कमी करून बघ. पातळ आणि जाड थरांमधली उडी कुठवर टिकते आणि कुठे नाहीशी होते, ते शोध. प्रीवेटिंगची रेषा तिथे संपते. पुढचं बोलणं तिथूनच करू.