भवन नंतर, आधी फाट्यावरचा बाक

प्रश्न : ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सचिव आहे. मारुतीच्या पारावर आमची बैठक असते. स्वतःचं भवन व्हावं म्हणून आमदार निधीसाठी खेटे घालून सगळे थकले. मुलगी अमेरिकेत आहे. ती सांगते, तिथं एएआरपी ही ज्येष्ठांची संस्था २०१७ पासून बाक, पायवाटा, बागा अशा कामांना छोटी अनुदानं देते आणि काम झटपट पुरं करायची अट घालते. आपल्याकडे असा पैसा कुठून मिळेल? संघाने कंपन्यांकडे मागावा का?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. असा पैसा तुमच्या ग्रामपंचायतीत येतो, फक्त त्यावर ‘ज्येष्ठांसाठी’ असं लिहिलेलं नसतं. मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. गटारं, पेव्हिंग ब्लॉक आणि कमानी यांचे ठराव नोकरीभर लिहिले. जिन्याला कठडा हवा असा अर्ज घेऊन मात्र क्वचितच कोणी आलं. म्हणून कळकळीनं सांगते, भवनाची मागणी तूर्त बाजूला ठेवा. भवन उभं राहिलं तरी ज्याला घराबाहेर पडायचीच धास्ती वाटते, तो तिथवर यायचा कसा?

आधी गावातून हिंडा, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या चालीनं हिंडा. घर ते रेशन दुकान, घर ते आरोग्य उपकेंद्र, गाव ते एसटीचा फाटा. माणूस कुठं दम खातो, कुठं भिंतीचा आधार शोधतो, संध्याकाळी कुठून परत फिरतो, ते वहीत टिपा. आणि बायकांना विचारा. पारावर तुम्ही पुरुष मंडळी बसता, तिथं म्हाताऱ्या बाया येत नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं असतं. तालुक्याला जायचं असलं की कितीतरी जणी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण फाट्यावर मुतारी नसते, असली तर तिला कडी नसते. त्या हे सभेत बोलणार नाहीत. तुमच्या घरातल्या बाईंना त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या ३३ शहरांत वृद्धांना विचारून २००७ साली मार्गदर्शिका काढली. तिच्यातही बसायला जागा आणि स्वच्छ शौचालय या मागण्या आहेतच. तुमच्या वहीतही त्या येतील, याची मला खात्री आहे.

आता पैशाचं. वित्त आयोगाच्या शिफारशीनं केंद्राकडून ग्रामपंचायतीला निधी येतो. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायची. सध्याची वाटणी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. फाट्यावरच्या शौचालयाची दुरुस्ती, आत खुर्चीसारखं बसायचं उंच भांडं आणि धरायला दांडी, हे बंधित रकमेत बसवून मागा. बाक, कठडे, पथदिवे यांची मागणी अबंधित रकमेतून करा. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चायची असते. प्रमाणपत्र असलेले दिव्यांग वृद्ध तुमच्या संघातही असतील. त्यांना पुढं करून या रकमेचं काय झालं ते विचारा.

अर्ज मोघम नको. ‘ज्येष्ठांसाठी सोयी कराव्यात’ असं लिहिलं की तो कागद फायलीत पडून राहतो. जागा, माप, फोटो आणि देखभाल कोण करणार, हे लिहा. बाक मागाल तर पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असलेला मागा, बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट. सिमेंटचे बिनहाताचे बुटके बाक गावोगाव पडलेत, त्यांवरून म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. कठड्याचा पाइप मुठीत मावेल असा असावा आणि शेवटच्या पायरीच्या पुढं फूटभर यावा. उतार, म्हणजे रॅम्प, एक फूट उंचीला बारा फूट लांब हवा. जागा वाचवायला तीन-चार फुटांत उतरवतात, त्यावर मोटारसायकल चढते, वॉकर चढत नाही. हे आकडे अर्जातच घातले की अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यालाही ते टाळता येत नाहीत.

अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे द्या आणि पोच घ्या. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या दिवशी संघातले सगळे या, बायकांसह. ठराव तोंडी मंजूर झाला म्हणून उठू नका, इतिवृत्तात त्याचा क्रमांक पडलेला पाहा. खर्चाची नोंद ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, नातवंडांना उघडून द्यायला सांगा.

चष्मा, वॉकर, कमोड खुर्ची अशा वैयक्तिक गरजांसाठी २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच ३००० रुपये खात्यात जमा होतात. चौकशी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करा.

कंपन्यांबद्दल विचारलंत. कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायच्या सामाजिक कामांच्या यादीत ज्येष्ठांच्या सोयी आहेत, पण संस्थेला पैसे घ्यायचे तर नोंदणी, आयकराची प्रमाणपत्रं, लेखापरीक्षण हे सगळं लागतं. दोन बाकांसाठी संघानं एवढा व्याप मांडू नये, असं माझं मत आहे. कंपनीला वस्तूच द्यायला सांगा आणि ती ग्रामपंचायतीच्या नावे घ्या, म्हणजे मालमत्ता नोंदवहीत चढेल आणि मोडली तर दुरुस्ती मागता येईल. वर्गणीचे पैसे बल्ब, रंग, कडी-कोयंडा यांसाठी राखून ठेवा, कारण तेवढ्यासाठी ग्रामपंचायतीच्या पुढच्या मासिक सभेची वाट बघावी लागते आणि तोवर फाट्यावर अंधार असतो.