पानगळीच्या ऋतूला साजेसं, मसाल्याच्या स्वादाचं जिनचं सोपं कॉकटेल घरी कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की घरात जिनची एक साधी बाटली आहे, शेकर वगैरे काही नाही आणि शनिवारी चार जण येणार आहेत. तुम्हाला सापडलेल्या कृतीत दालचिनी, लवंग, चक्रीफूल थेट जिनच्या बाटलीत घालून आठवडाभर मुरवायला सांगितलंय आणि तेवढा वेळ हातात नाही. नाही तेच बरं. मसाले जिनमध्ये घालूच नका, साखरेच्या पाकात घाला. अर्ध्या तासाचं काम आहे आणि चुकलं तरी वाया जाते ती फक्त वाटीभर साखर.

हे शहाणपण मला एक बाटली नासवून आलंय. पहिल्यांदा मीही मसाले बाटलीतच घातले होते. दालचिनीच्या दोन कांड्या, एक चक्रीफूल आणि न मोजता टाकलेल्या दहाबारा लवंगा. पाच दिवसांनी झाकण उघडलं आणि डोळ्यांसमोर आली ती दातांच्या डॉक्टरची खुर्ची. तो नुसता भास नव्हता. लवंगेच्या तेलात बहुतेक भाग युजेनॉलचा असतो आणि दात भरायच्या एका जुन्या सिमेंटमध्ये झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल कालवतात. मसाल्यातली अशी तेलं पाण्यात जेमतेम उतरतात, पण अल्कोहोल त्यांना भराभर ओढून घेतं. आणि लवंग काढून टाकता आली, तरी तिचा उतरलेला वास परत काढता येत नाही. ती बाटली मी पुढे कित्येक महिने चमचा-चमचा दुसऱ्या जिनमध्ये मिसळून संपवली.

दुसरं असं, की जिन ही मुळातच मसाल्याची दारू आहे. तिचा मुख्य वास जुनिपरचा, म्हणजे त्या छोट्या निळसर फळांचा. पण त्याच्या जोडीला धने जवळजवळ प्रत्येक जिनमध्ये असतात. शिवाय अँजेलिका नावाच्या सुवासिक वनस्पतीचं मूळ, लिंबा-संत्र्याची साल आणि काहींमध्ये वेलदोडा, दालचिनीसुद्धा. कुणीतरी मापून बसवलेल्या त्या मेळात आपण आणखी मूठभर मसाला ओतला, तर सगळ्यात आधी जुनिपर हरवतो. मग ती जिन कशाला म्हणायची? मसाला पाकात असला की चमच्याने कमी-जास्त करता येतो आणि जिन जिनसारखी राहते.

आता पाक. १ कप साखर, १ कप पाणी, दालचिनीच्या बोटभर लांबीच्या २ कांड्या, ३ लवंगा (तीनच, मोजून), १ चक्रीफूल, आल्याच्या ५-६ पातळ चकत्या आणि संत्र्याच्या सालीची एक लांब पट्टी. साल सोलाण्याने अगदी वरवरची काढा, आतला पांढरा भाग कडू असतो. आधी कोरड्या पातेल्यात दालचिनी, लवंग आणि चक्रीफूल मंद आचेवर मिनिटभर परता. वास नाकाशी आला की थांबा, रंग बदलेपर्यंत वाट पाहू नका. मग पाणी, साखर, आलं घाला. साखर विरघळली की मंद आचेवर पाच मिनिटं बारीक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, संत्र्याची साल टाका आणि झाकण ठेवून वीस मिनिटं विसरून जा. तार-बिर काही बघायची नाही. एकतारी झाला तर तो गार पेयात नीट मिसळत नाही आणि बर्फाला चिकटून बरणीच्या तळाशी बसतो. गाळल्यावर कपापेक्षा थोडा जास्तच पाक मिळतो, रंगाने फिका मधासारखा. स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला की दोन-तीन आठवडे टिकतो. वर तरंगतं काही दिसलं किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्या.

दालचिनीची पूड वापरायचा मोह होईल, कारण ती डब्यात हाताशी असते. नको. पूड पाण्यात विरघळत नाही, फुगते आणि बुळबुळीत होते. गाळणीतूनही ती पूर्ण निघत नाही आणि शेवटचा घोट घशात अडकतो. दालचिनीतही दोन प्रकार असतात. जाड, एकाच सालीची, लाकडासारखी टणक असते ती कॅसिया. कागदासारख्या पातळ थरांची, बोटांनी चुरता येते ती सिलोनची. कॅसिया तिखट आणि ठसठशीत, सिलोनची सौम्य आणि किंचित लिंबाच्या वळणाची. इथे मला कॅसिया आवडते, कारण सफरचंदासमोर सौम्य दालचिनीचा पत्ताच लागत नाही.

सफरचंदापाशी जरा थांबायला हवं, कारण परदेशी कृती वाचून केलं तर फसगत इथेच होते. पानगळीच्या बहुतेक कॉकटेलांमध्ये 'ॲपल सायडर' लिहिलेलं असतं. अमेरिकी माणूस सायडर म्हणतो तेव्हा त्याला न गाळलेला, गढूळ, बिनदारूचा सफरचंदाचा रस म्हणायचा असतो. तिकडे पानगळ म्हणजे सफरचंदं उतरवायचा मोसम, म्हणून हा रस. ब्रिटिश माणसाचं सायडर मात्र आंबवलेलं, म्हणजे बिअरसारखं चढणारं. आणि दुकानात याच नावाने सहज सापडतं ते तिसरंच, सफरचंदाचं व्हिनेगर. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते ६० मिली मापून ओतलं होतं. पाहुण्यांनी सभ्यपणे एकेक घोट घेतला. तुम्हाला हवा तो साधा सफरचंदाचा रस, शक्य तर गढूळ. मिक्सरमध्ये घरीच काढलात तर गाळल्या गाळल्या त्यात लिंबू पिळा, नाहीतर बघता बघता तपकिरी होतो. आणखी एक: कृतीत औंस असेल तर एक औंस ३० मिली धरा.

एका ग्लासाचं माप असं: जिन ५० मिली, सफरचंदाचा रस ६० मिली, ताज्या लिंबाचा रस २० मिली, मसाल्याचा पाक २० मिली. चिमटीच्या टोकाएवढं मीठ. मीठ ऐच्छिक आहे, पण घालून बघाच, फळाची चव पुढे येते. रस डब्यातला, साखर घातलेला असेल तर पाक १५ वर आणा.

लिंबू मात्र कमी करू नका. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची चूक लवंगेत नाही, लिंबात होते. मसाला, साखर आणि सफरचंद तिघंही गोडाकडे ओढणारे. आंबटपणाने त्यांना ताणून धरलं नाही तर ग्लासात गार काढा उरतो, सर्दीवर चालेल असा.

शेकर नाही म्हणून अडत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी घ्या, लोणच्याची नको, वास जात नाही. एक लिटरची असेल तर दोन ग्लास एकदम होतात. सगळं ओता आणि बरणी पाऊण भरेपर्यंत बर्फ टाका. बर्फाचा कंजूषपणा केला तर पेय जास्त पांचट होतं, कमी नाही: दोनच खडे असले तर ते गार करता करता स्वतःच वितळून संपतात, आणि भरपूर असले तर थोडेथोडे वितळूनही काम होतं. झाकणावर तळहात दाबून बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. बर्फाचा आवाज खणखणीतवरून भरडल्यासारखा होतो आणि काच धरवेनाशी गार पडते, तेव्हा झालं. या हलवण्यात ग्लासात चांगलं पाव भागाच्या आसपास पाणी मिसळतं आणि ते हवंच असतं. म्हणून न हलवता नुसतं ढवळून दिलं तर हेच पेय डोक्यात चढतं.

मग चहाच्या गाळणीतून फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवलेल्या ग्लासात गाळा. वर हलकासा फेस येतो. त्यावर जायफळ किसणीवर दोनच फटके मारून भुरभुरवा, तेही सगळ्यात शेवटी, देताना. पूड करून ठेवलेल्या जायफळाला तो वास नसतो. ग्लास तोंडाशी नेताना पहिली भेट नाकाची होते, आणि जायफळ तिथे बसलेलं असलं की आतला मसाला आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. थोड्या मसाल्यात काम भागवायची ही युक्ती.

जिन कुठली, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरातली बाटली बघून घ्या. लेबलवर 'लंडन ड्राय' असेल तर उत्तम. हे गावाचं नाव नाही, पद्धतीचं आहे. लंडनबाहेर कुठेही करता येते आणि तिच्यात साखर जवळजवळ नसते. 'ओल्ड टॉम' असेल तर ती मुळात थोडी गोड, पाक कमी. गुलाबी, स्ट्रॉबेरीबिट्रॉबेरीची असेल तर हा बेत सोडून द्या, दालचिनीशी तिचं जमत नाही. महागाची बाटली मात्र यासाठी फोडू नका. इतक्या मसाल्यात तिचं नाजूकपण कुणाला कळणार नाही. घरात अँगोस्टुरा बिटर्स (कॉकटेलात थेंबभर घालायचा मसाल्यांचा कडू अर्क) असतील तर दोन थेंब टाका. नसतील तर त्यासाठी बाजारात जाऊ नका.

चार जणांसाठी आयत्या वेळी बरण्या हलवत बसायचं नसेल, तर दुपारीच जिन, रस आणि पाक त्याच प्रमाणात एका मोठ्या बाटलीत मिसळा आणि माणशी ४० मिली गार पाणी घाला, कारण बर्फाचं पाणी आता मिळणार नाही. फ्रीजमध्ये ठेवा. लिंबू तेवढं पाहुणे आल्यावर पिळा, तासन् तास ठेवलेला लिंबाचा रस मरगळतो. फेस येणार नाही, पण तुम्ही गप्पांना मोकळ्या.

गरम करून द्यायचं असेल तर सगळं तापवा, जिन सोडून. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, त्याची वाफ गॅसच्या ज्योतीवर पेटू शकते. रस आणि पाक तापवून गॅस बंद करा, पेल्यात ओता, मग जिन आणि लिंबू. गाडी चालवणारा कुणी असेल तर त्याच्या ग्लासात जिनऐवजी तेवढाच कोरा, कडक, गार केलेला चहा घाला. त्याच्या तुरटपणामुळे ते नुसतं सरबत वाटत नाही. बाकीच्यांनाही आधीच सांगून ठेवा: तयार पेय साधारण वाइनइतकं तेज असतं, पण लागतं फळांच्या रसासारखं, म्हणून दुसरा ग्लास फार लवकर मागितला जातो.

उरलेला पाक रविवारी सकाळी चहात घाला. त्यात आधी साखर टाकलेली नाही ना, तेवढं बघा.